कोणी पाहिलं

५ जानेवारी, सोमवार

पोचलो. एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांची चार खोकी आणि मी, असे एकूण सात नग सुखरूप उतरले. पैकी शेवटचा जरा घासलेला आहे, पण वापरण्याजोगा.

खोली चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. एक खिडकी, एक टेबल, एक पलंग. पलंग झोपणाऱ्याचं मत विचारत नाही, स्वतःचंच करकरत सांगतो. समोर इस्पितळाची पाच मजली इमारत, म्हणजे माझं नवं कार्यक्षेत्र. चालत तीन मिनिटं. मधे सहाशे वेळा हॉर्न वाजतात ते वेगळे.

घरमालक स्वतः चष्मेवाला, गोल आणि बोलका. जिना चढता चढता त्याने माझं वय, नोकरी आणि चष्म्याचा नंबर विचारून घेतला, आणि नंबर चुकीचा असल्याचं निदानही करून टाकलं. मला मास्तर म्हणायचं हेही त्याने परस्पर ठरवलं. सव्वीस वर्षं संस्कृत शिकवल्याचं माणसाच्या तोंडावर उमटतं की काय, कोण जाणे. शाळेने तो विषयच बंद केला. मृत भाषा म्हणतात तिला. भाषा ठणठणीत आहे, मेली ती माझी नोकरी.

म्हणून त्रेपन्नाव्या वर्षी हे नवं बिऱ्हाड. इस्पितळाने प्रत्येक रुग्णाची आरोग्यवही इंटरनेटवर ठेवली आहे. तपासण्या, औषधं, डॉक्टरांचे शेरे, सगळं तिच्यात. रुग्ण घरबसल्या ती उघडतो, वाचून घाबरतो आणि इस्पितळाला पत्र पाठवतो. त्या पत्रांना शुद्ध आणि शांत भाषेत उत्तरं लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. शुद्ध मी आहेच, शांत पगारी होईन.

ही रोजनिशी लेकीने दिली. बाबा, तिकडे बोलायला कुणी नसेल, निदान लिहा तरी, म्हणाली. कागदी वही बरी. तिला पासवर्ड लागत नाही. ट्रंकेत ठेवायची, कुलूप लावायचं, किल्ली चष्म्याच्या घरात. एवढी सुरक्षा राजवाड्यांनाही नसेल.

७ जानेवारी, बुधवार

आमच्या खोलीत माणसं दोन: मी आणि कुलूपवाल्या बाई. हे नाव मी ठेवलं नाही, अख्खं इस्पितळ त्यांना तसंच म्हणतं. कुणाचा पासवर्ड अडला, कुणाला कुणाची वही पाहायची परवानगी द्यायची किंवा काढायची, ते सगळं त्यांच्या हातात. पन्नाशीच्या, खांद्यावर कायम शाल, खणात पेपरमिंटचा डबा. मला गुरुजी म्हणतात, आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती याचा पत्ता लागू देत नाहीत.

आज सतरा पत्रं. एका बाईंची तक्रार अशी की त्यांच्या थायरॉइडचं नणंदेला कळलंच कसं. आमच्या बाईंनी दोन मिनिटांत उलगडा केला: पासवर्ड म्हणजे कुत्र्याचं नाव, आणि कुत्र्याला दिवसातून तीनदा गल्लीभर हाका. नणंदेला वेगळी हेरगिरी करावीच लागली नाही.

मी एक नमुना-उत्तर तयार केलं. वही तुमची आहे, किल्ली तुमचीच असू द्या. किल्ली नवऱ्याला नको, बायकोला नको, लाडक्या भाच्याला तर नकोच नको. परक्या मशीनवर वही उघडलीत तर उठण्याआधी बंद करा. ‘कोणी पाहिलं’ नावाचं एक पान आहे, त्यावर प्रत्येक पाहणाऱ्याचं नाव, वेळ आणि ठिकाण आपोआप उमटतं. ते आठवड्यातून एकदा वाचा. आणि पूर्वी कधी कुणाला दिलेली परवानगी आता नको असेल तर ती काढून टाका. बाईंनी वाचून मान डोलावली. म्हणाल्या, शेवटचं वाक्य ठळक करा गुरुजी, ते कुणीच करत नाही.

एक नवलाची गोष्ट कळली. नातेवाइकांची पत्रं येतात: अप्पांना मोठा आजार निघालाय, पण अप्पांना कळू देऊ नका. अशी इतकी पत्रं आली की इस्पितळाने हात टेकले आणि सोयच करून दिली. पूर्ण अधिकार असलेला नातेवाईक एखाद्या नोंदीवर झाकण घालू शकतो. मग ती नोंद सगळ्यांना दिसते, फक्त रुग्णाला दिसत नाही. डॉक्टरही ती त्याला सांगत नाहीत. ज्याचं दुखणं, त्यालाच प्रवेशबंदी! मी पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अशी पुष्कळ झाकणं घातली आहेत.

९ जानेवारी, शुक्रवार

कर्मचाऱ्यांनी आपली स्वतःची वही उघडून सराव करावा असा नियम आहे. माझी वही जुनीच, आमच्या गावातल्या याच इस्पितळाच्या शाखेत काढलेली. उघडली. नवा पत्ता भरला. संपर्काच्या पानावर सगळे नंबर नीट घातले: लेक, मेहुणा, विभागप्रमुख, चष्मेवाला. नीटनेटकेपणा हा माझा जुना रोग, तोही नोंदवायला हवा होता.

मग ‘कोणी पाहिलं’ हे पान. तिथे एकच ओळ, कालची. नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’. वेळ दुपारी चार वीस. ठिकाण कोरं.

ही जाऊन चौदा महिने झाले.

बाईंना दाखवलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे, आणि मशीनची बाजू घेतली. म्हणाल्या, जुन्या खात्यांच्या अशा सावल्या उमटतात कधी कधी. मग त्यांनी परवानगीचा मूळ अर्ज काढला. हिच्या आणि माझ्या दोन्ही वह्यांचे अर्ज मीच एका बैठकीत भरले होते. पाहणे, लिहिणे, इतरांना पाठवणे, झाकणे अशा सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा, तिला माझ्या वहीवर आणि मला तिच्या. मुदत: कायम. कंटाळलेला माणूस दानशूर होतो. हिला तर मी विचारलंही नव्हतं, नुसती सही घेतली.

बाई म्हणाल्या, ताईंचं खातं बंद करा आता, आपणच लोकांना सांगतो ना. सोमवारी करतो म्हटलं.

१२ जानेवारी, सोमवार

केलं नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण हिचं खातं बंद झालं की हिची वहीही मिटणार. त्या वहीत रुग्णाच्या स्वतःच्या नोंदींसाठी एक पान असतं. तिथे हिची वाक्यं आहेत. छोटी, कोरडी, एकही शब्द जास्तीचा नाही. मी अधूनमधून ती वाचतो. हिच्या आवाजातलं तेवढंच उरलं आहे.

आज पुन्हा चार वीसला ‘पत्नी’. रोज येते, शनिवार-रविवारसुद्धा.

हिचा पासवर्ड तिघांना माहीत: ही, मी, लेक. दोन्ही वह्यांना एकच, मीच रचलेला: गुप्तं गुप्तेन रक्ष्यते. गुपित गुपितानेच राखलं जातं. अनुष्टुभाचा शास्त्रशुद्ध चरण! आणि हे रहस्य मी वर्गात दरवर्षी अभिमानाने फळ्यावर लिहीत असे.

लेकीला फोन केला. ती आधी हसली, मग चिडली. बाबा, आईचं खातं तुम्ही अजून चालू ठेवलंय? आणि लोकांना पत्रं लिहिता? नाही, तिने उघडलेलं नाही. आई गेल्यापासून तिच्याच्याने ते पान बघवत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

चार वीस. आता लिहूनच टाकतो. या वहीला कुलूप आहे.

ही छापखान्यात मुद्रितं तपासायची. कानामागे लाल पेन्सिल. पान तपासून झालं की मजकुराच्या शेवटच्या ओळीला अगदी चिकटून लिहायची: ‘पाहिलं’. मधे बोटभरही जागा सोडायची नाही. का, विचारलं तर म्हणायची, अहो, जागा सोडली की लेखक आणखी काहीतरी घुसडतात. खुणेखाली वाढवलेलं एक अक्षरही तिने कधी छापू दिलं नाही. माझ्या पत्रांवरही तीच खूण. प्रेमपत्रांवरसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी ती दमायला लागली. तपासण्या करून आली आणि थोडा अशक्तपणा आहे म्हणाली. मला ते पटलं नाही. एका मंगळवारी ती भाजी आणायला गेली होती. मी तिची वही उघडली. दुपारचे चार वीस झाले होते. भिंतीवरचं घड्याळ अजून डोळ्यांपुढे आहे.

डॉक्टरांचा शेरा वाचला. त्याच्याखाली तिची स्वतःची नोंद होती: ‘उपचारांनी फारसं काही होणार नाही, तेव्हा नकोत. सहा महिने कुणाला सांगायचं नाही. सहा महिने मला माणूस म्हणून हवे आहेत. रुग्ण म्हणून नंतर आहेच.’

ती परत येईपर्यंत मी लेकीला, मेहुण्याला आणि छापखान्यात फोन केले होते.

गुरुवारपर्यंत घर भरलं. फळांच्या टोपल्या आल्या. तिच्यादेखत तिच्याबद्दल कुजबुज. कुणीतरी स्वयंपाकघरात तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. उभी राहू नकोस, बस, बस. ती बसली. त्यानंतर एक तासही तिला एकटीला मिळाला नाही. सहा महिने नव्हेच, चार मिळाले.

भांडली नाही. एकदाच, मटार सोलता सोलता, हसत म्हणाली: अहो, तुम्ही माझं पाहिलंत ना, आता मी तुमचं पाहीन.

मीही हसलो होतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी हिचा पासवर्ड बदलला. नवा कुठेही लिहिलेला नाही, इथेही नाही. दुपारी चारपासून मशीनसमोर बसून राहिलो. बाई चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसल्या. गुरुजी, भूत असेल तर वेळेचं पक्कं दिसतंय, आमच्या डॉक्टरांना शिकवा म्हणावं, म्हणाल्या.

चार वीसला ओळ उमटली. पत्नी.

आज ठिकाणही होतं: पत्रोत्तर विभाग. म्हणजे ही खोली. या खोलीत मशीनं दोन. एकासमोर आम्ही दोघं, दुसरं बंद, त्यावर बाईंची शाल.

मग माझ्या वहीत, रुग्णाच्या स्वतःच्या नोंदींच्या पानावर, जिथे मी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही, तिथे एक शब्द आला.

पाहिलं.

बाईंचा चहा गार झाला. डब्यातून पेपरमिंट काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं, लहान मुलाला देतात तसं.

१९ जानेवारी, सोमवार

परवानगी रद्द करण्याचा अर्ज केला. वाटलं होतं तितकं सोपं नाही. पूर्ण अधिकार असलेल्या माणसाला काढायचं तर त्याचीही संमती लागते. नाहीतर आजारी माणसाला धाकात घेऊन कुणीही त्याचं जवळचं माणूस दूर करील. नियम चांगला आहे. त्याचं समर्थन करणारं पत्र गेल्याच आठवड्यात मी लिहिलं.

अर्ज संमतीसाठी ‘पत्नी’कडे गेला.

चार वीसला उत्तर आलं. नामंजूर.

आणि माझ्या वहीत एक नवी नोंद. तपासणीचा अहवाल, तीन पानी. मी कसलीही तपासणी केलेली नाही. उघडायला गेलो तर पाटी आली: ‘ही नोंद रुग्णाला दिसणार नाही.’

झाकण.

बाईंनी त्यांच्या मशीनवर ती उघडली. वाचली. पुन्हा वाचली. मी विचारलं. नियम आहे गुरुजी, म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्या आवाजात चेष्टा सापडली नाही.

२० जानेवारी, मंगळवार

नोंद पाठवली गेली आहे. संपर्काच्या पानावरच्या सगळ्यांना. नंबर मी नीट घातले होते.

विभागप्रमुख स्वतः टेबलाशी आले. मास्तर, आज लवकर निघा, पत्रांचं काय एवढं. खांद्यावर हात ठेवला. पंधरा दिवसांत या माणसाने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

घरी आलो तर जिन्याच्या वळणावर खुर्ची. चष्मेवाल्याने दुकानातली आणून ठेवली आहे, गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची, उंच पाठीची. म्हणाला, मास्तर, दोन मजले आहेत, मधे टेका थोडं. एरवी एका वाक्यात चार प्रश्न विचारणारा हा माणूस, आज एकही नाही.

मला काहीही झालेलं नाही. दम लागला नाही. छाती, पोट, हातपाय सगळं जागच्या जागी. खुर्चीला वळसा घालून वर आलो.

२२ जानेवारी, गुरुवार

मेहुण्याचा फोन. बहीण गेल्यापासून तो माझ्याशी बोलला नव्हता. तुम्ही तिला सुखाने मरू दिलं नाहीत, हे त्याचं शेवटचं वाक्य. आज गोड बोलला. दाजी, काळजी करू नका, आम्ही आहोत. एवढी भीती मला ‘नामंजूर’ची वाटली नव्हती.

लेकीला विचारलं, काय आहे त्यात? देवाशपथ सांग. ती म्हणाली, काही नाही बाबा, तुम्ही आराम करा. मी येतेय.

काही नाही, आराम कर. तेव्हा हेच वाक्य आम्ही सगळे हिला म्हणायचो. पाठ केल्यासारखं.

डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, मला तपासा, आत्ता. त्यांनी वही उघडली, वाचली, चष्मा काढून पुसला. नवीन तपासणीची गरज नाही, म्हणाले. घरचं कुणी असेल तर त्यांना घेऊन या. मी म्हटलं, ती तपासणी झालेलीच नाही, ती माझ्या बायकोने लिहिली आहे, बायको वारली आहे. त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि तेही वहीत लिहून घेतलं.

जिन्यात बसलो नाही. हात ठेवला फक्त. खुर्चीच्या पाठीवर.

२३ जानेवारी, शुक्रवार

कामावर येऊ नका असा निरोप.

बाई घरी येऊन गेल्या. मी विनवलं. इतरांना वाचायची मुभा, आणि ज्याचा देह त्यालाच नाही, हा कुठला न्याय? त्यांनी शाल सावरली. मग म्हणाल्या, गुरुजी, ताईंना हवं होतं कुणी पाहू नये, तुम्हाला हवंय आपण पाहावं. दोघांनाही मिळालं नाही. असं म्हणून स्वतःच दचकल्या. हिच्या नोंदीचं मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. फक्त या वहीत.

त्यांना विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाल्या, मशीनवरच्या वहीत आहे की, तुमच्या. चौदा तारखेची नोंद.

ट्रंकेचं कुलूप पाहिलं. लागलेलं आहे. किल्ली चष्म्याच्या घरात.

२४ जानेवारी, शनिवार

आले. लेक, मेहुणा, त्याची बायको. फळं. माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलतात. जेवले का? झोप लागते का त्यांना? मी इथेच आहे, मला विचारा. मेहुणा म्हणतो, हो, हो. आणि लेकीला विचारतो.

एकटं राहू देत नाहीत. मोरीपर्यंत सोबत.

ती कशी राहिली असेल चार महिने—

खाली जाऊन आलो, वाचायचा चष्मा सैल झाला होता म्हणून. वर येताना खुर्चीवर बसलो. दम लागला म्हणून नाही. खुर्ची होती म्हणून.

२५ जानेवारी, रविवार

आज लागला. दम.

चार वीसला सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सगळ्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. मेहुण्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. माझा फोन वाजला नाही.

२६ जानेवारी, सोमवार

डावा हात. कदाचित काल रात्री अंगाखाली आला असेल. कदाचित अहवालात हेच—

माझ्या वहीत तिला लिहिलं. रुग्णाच्या स्वतःच्या नोंदींच्या पानावर, पहिल्यांदाच. चुकलो. माझं चुकलं. मी घाबरलो होतो, म्हणून सगळ्यांना बोलावलं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.

चार वीसला खाली उत्तर. एकच शब्द. तोच.

लेक जिन्यातल्या खुर्चीवर बसून रडते. मला ऐकू येत नाही असं समजून.

२७ जानेवारी, मंगळवार

मंगळवार आहे.

लेकीला भाजी आणायला पाठवलं. बाकीचे खाली दुकानात. कितीतरी दिवसांनी एकटा. काय शांत वाटतं. हे तिला हवं होतं. एवढंच.

चार वीस. फोन वाजला. या वेळी माझा.

झाकण निघालं. ‘ही नोंद आता रुग्णाला दिसू शकते. पाहायची का? हो. नाही.’ त्याखाली तिची ओळ: अहो, तुम्हाला विचारलं आहे.

विचारलं आहे. मी विचारलं नव्हतं.

बोट ‘हो’वर होतं. उजवं. डावं उचलवत नाही. मग काढलं. ‘नाही’ दाबलं. पाहणार नाही. ती म्हणेल तोवर माणूस म्हणून राहीन, रुग्ण नंतर आहेच. वाटलं, फिटलं. हलकं वाटलं. ते लिहायला ही वही काढली—

पाच तारखेच्या मजकुराखाली, शेवटच्या ओळीला चिकटून, लाल पेन्सिलीने: पाहिलं. सातखाली. नऊखाली. चौदाखाली दोनदा अधोरेखित. प्रत्येक पानावर. कालच्याही.

आणि याच पानावर. वर नाही, खाली. मी अजून पोचलो नाही तिथे. ती मजकूर संपतो तिथेच खूण करते, एक बोटही जागा—

पाच ओळी आहेत मधे. बारीक लिहितोय.

जिन्यात पाऊल वाजलं. लेक नसेल, ती आत्ताच गेली. खुर्ची सरकली. कुणीतरी बसलं, दम खाल्ला, उठलं.

दोन ओळी. भीती लिहीत बसलो तर संपतील. जे तेव्हा सांगायचं राहिलं ते तरी— अगं, त्या दिवशी तू भाजी घेऊन आलीस, पिशवी अजून हातातच होती, तेव्हा मी तुला नुसतं विचारायला